दोरी स्वतः आवळणारे बूट चार्ज होत नाहीत? भिंतीपासून तळापर्यंतची तपासणी

दोरी स्वतः आवळून घेणारे इलेक्ट्रॉनिक बूट चार्ज होईनासे झाले की पुण्यात दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘तपकीर गल्लीत दाखवून टाक, किरकोळ काम असेल.’ दुसरा, ‘मुळात एवढे पैसे बुटात घातलेच कशाला?’ दुसऱ्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पहिला सल्ला मात्र, म्हणजे बुधवार पेठेतल्या त्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात बूट नेण्याचा, पहिल्याच दिवशी मानू नका. हे बूट उघडण्यासाठी बनवलेलेच नाहीत. एकदा तळ उचकटला की चालू होऊ शकणारा बूटही कायमचा जातो. आणि चार्ज न होण्याची निम्मीअधिक कारणं बुटाच्या बाहेरच असतात: भिंतीत, अडॅप्टरमध्ये, वायरीत, पॅडवर, नाहीतर तळाला चिकटलेल्या चिखलात.

म्हणून तपासणी भिंतीपासून सुरू करून बुटाकडे यायचं. या कामात तुमच्याकडे एक असं साधन आहे जे मोबाइल किंवा लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याकडे नसतं, ते म्हणजे दुसरा बूट. दोन्ही बुटांत स्वतंत्र बॅटरी, स्वतंत्र मोटर, स्वतंत्र सर्किट. एकच मॉडेल, एकाच दिवशी घेतलेलं, जवळपास तितकंच वापरलेलं. डावा चार्ज होतो आणि उजवा होत नाही, एवढं कळलं तरी भिंत, अडॅप्टर आणि वायर एका झटक्यात निर्दोष सुटतात. दोन्ही होत नसतील, तर दोन बॅटऱ्या एकाच दिवशी मेल्या असं मानण्याआधी त्या दोघींना वीज पुरवणाऱ्या वस्तूकडे बघा. खाली प्रत्येक टप्प्यावर हा दुसरा बूट मधे येणार आहे, तेव्हा ‘तो तर चालतोय’ म्हणून त्याला कपाटात ठेवू नका.

आधी आपला जोड ओळखा

बाजारात आलेल्या अशा बुटांमध्ये चार्जिंगच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. नायकेचा हायपरअडॅप्ट १.० हा २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेत ७२० डॉलरला आला. त्याला चुंबकानं तळाला चिकटणारी चार्जिंगची चकती लागते. २०१९ च्या सुरुवातीला आलेला अडॅप्ट बीबी ३५० डॉलरचा. तो आणि त्याचे पुढचे भाऊबंद, म्हणजे अडॅप्ट हुआराचे, अडॅप्ट बीबी २.०, एअर जॉर्डन ११ अडॅप्ट, हे पॅडवर नुसते ठेवून चार्ज होतात. या पॅडमागचं तंत्र क्यूआय, म्हणजे आपले वायरलेस चार्जिंगचे मोबाइल वापरतात तेच. प्यूमानंही २०१९ मध्ये फाय नावाचा जोड दाखवला होता.

चकतीवाला असेल तर दोष बहुधा संपर्कात सापडतो, पॅडवाला असेल तर जागेत. हा फरक लक्षात ठेवून पुढे वाचा.

हात लावण्याआधी वास घ्या

हसू नका, ही खरी पहिली पायरी आहे. बूट हातात घ्या, आतली गादी काढा, नाक जवळ न्या. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर, रासायनिक वास आला, तळाचा मधला भाग फुगलेला वाटला, सपाट फरशीवर बूट डुगडुगायला लागला, किंवा तळ हाताला गरम लागला, तर पुढची एकही पायरी करायची नाही. बॅटरी फुगली आहे. असा बूट चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, टोचायचा नाही, आणि ‘थंड होऊ दे’ म्हणून फ्रिजमध्येही ठेवायचा नाही. गच्चीत किंवा बाल्कनीत, सावलीत, फरशीवर, आजूबाजूला कागद-कापड नसेल अशा जागी ठेवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

यातलं काहीच नसेल, तर तपासणी सुरू.

पायरी एक: भिंत, आणि गुरुवार

हे वाचून राग येईल, पण विचारतो: चार्जिंगला लावलेत तो वार कोणता होता? पुण्यात देखभालीसाठीचा वीजबंद गुरुवारी असतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. सकाळी घाईत बूट पॅडवर ठेवून हिंजवडीला निघायचं, संध्याकाळी परत येऊन ‘दिवसभर लावून ठेवला तरी काही नाही’ म्हणायचं, आणि मधले कित्येक तास वीजच नव्हती हे सोसायटीच्या ग्रुपवर वाचायचं. शिवाय एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावा, मोबाइल चार्ज होताना डोळ्यांनी बघा, मगच पुढे जा.

पायरी दोन: अडॅप्टर

यातले बरेच जोड कुणी ना कुणी अमेरिकेहून आणलेले असतात, आणि सोबतचा अडॅप्टर चपट्या पिनांचा. तो आपल्या सॉकेटमध्ये बसवायला जो कन्व्हर्टर मिळतो तो अनेकदा ढिला असतो. हलला की ठिणगी, ठिणगी पडली की काजळी, काजळी धरली की संपर्क तुटक. कन्व्हर्टर हलकेच हलवून पॅडचा दिवा लुकलुकतो का बघा.

अडॅप्टरवर बारीक अक्षरात ‘इनपुट’ लिहिलेलं असतं. तिथे १०० ते २४० व्होल्ट असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर चालेल. फक्त ११० किंवा १२० असेल तर तो लावू नका. आधीच लावून झाला असेल तर तो बहुधा गेला, आणि आपला गुन्हेगार सापडला.

माझं मत असं की मूळ अडॅप्टरचा हट्ट धरूच नये. बहुतेक पॅडना शेवटी यूएसबीचे ५ व्होल्टच लागतात. पॅडच्या खालच्या बाजूला इनपुटचा आकडा छापलेला असतो, तो बघायचा आणि घरातला चांगल्या कंपनीचा, बीआयएस नोंदणीचं चिन्ह असलेला, किमान २ अँपिअरचा मोबाइल अडॅप्टर वापरायचा.

लॅपटॉपच्या यूएसबीवर तपासणी करू नका, तिथे करंट कमी मिळू शकतो. पॉवर बँकेवर तर मुळीच नको. का, ते सांगण्यासारखं आहे. पॉवर बँकेला करंट फार कमी ओढला जातोय असं दिसलं की ‘समोरचं उपकरण पूर्ण चार्ज झालं’ असं समजून ती अर्ध्या-एक मिनिटात स्वतःला बंद करते. पूर्ण उतरलेली बॅटरी सुरुवातीला नेमका असाच थेंबथेंब करंट घेते. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याचाच नळ आधी बंद.

पायरी तीन: वायर

वायरी आतून तुटतात, बहुधा दोन्ही टोकांच्या मानेशी. बाहेरून काही दिसत नाही. दुसरी वायर लावून बघणं हीच खरी परीक्षा.

इथे एक खोच आहे. दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली वायर आणि नवा फास्ट चार्जर अशी जोडी असेल, तर चार्जर आधी समोरच्या उपकरणाकडून खूण मागतो. उपकरणाच्या सॉकेटमध्ये त्यासाठीचे दोन छोटे रेझिस्टर नसतील, तर चार्जर वीज सोडतच नाही. सगळं नवं, सगळं महाग, आणि सगळं ठप्प. अशा वेळी एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली वायर आणि साधा अडॅप्टर वापरा. पाच मिनिटांत निकाल लागतो.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जायचंच असेल तर या टप्प्यावर जा, पण बूट घेऊन नव्हे. यूएसबी मीटर आणायला जा. अंगठ्याएवढी वस्तू, काही शे रुपयांत मिळते, अडॅप्टर आणि वायर यांच्या मधे बसते आणि किती व्होल्ट, किती अँपिअर जातात ते पडद्यावर दाखवते. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमधला अंदाजपंचे कारभार ती संपवते. रिकाम्या पॅडचा करंट अगदी थोडा असतो, साधारण ०.०५ ते ०.१ अँपिअर. बूट नीट ठेवला आणि तो चार्ज व्हायला लागला की आकडा ठळकपणे वर उडी मारतो. आकडा हललाच नाही तर पॅडला बूट दिसलेला नाही. उडी मारून काही सेकंदांत परत खाली आला, तर दिसलाय, पण बोलणी फिसकटली आहेत. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पायरी चार: पॅड आणि बुटाची जागा

इथे जरा रेंगाळूया, कारण सर्वांत जास्त बूट इथेच ‘मरतात’ आणि इथेच जिवंत होतात.

क्यूआयमध्ये पॅडच्या पोटात तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं आणि बुटाच्या तळात दुसरं. पॅडच्या वेटोळ्यातून सेकंदाला लाखभराहून जास्त वेळा दिशा बदलणारा करंट जातो, त्यानं तयार होणारं चुंबकीय क्षेत्र वरच्या वेटोळ्यात वीज उपजवतं. दोन वेटोळ्यांमधलं अंतर काही मिलिमीटरच चालतं, आणि दोघांचे मध्य जुळावे लागतात. बोटभर सरकलं की चार्जिंग मंदावतं, आणखी सरकलं की थांबतं.

पॅड आंधळेपणानं वीज सोडत बसत नाही. थोड्या थोड्या वेळानं एक हलकी साद घालतं, वरून ‘मी इथे आहे’ असा प्रतिसाद आला तरच पूर्ण शक्ती देतं. मधे धातू सापडला तर तो तापू नये म्हणून पुरवठा तोडतं. दिवा लागतो आणि विझतो, लागतो आणि विझतो, असं दिसलं की बहुधा यातलंच काहीतरी चाललेलं असतं.

आता बुटाकडे. या बुटांची मोटर, बॅटरी आणि वेटोळं पायाच्या कमानीखाली, तळाच्या मधोमध असतं. टाचेखाली नाही, चवड्याखालीही नाही. पॅडवर बूट ठेवताना आपण टाच कडेला जुळवतो आणि समाधान मानतो. तसं करू नका. मीटरवर डोळा ठेवून बूट एकेक सेंटिमीटर पुढे-मागे, मग डावीकडे-उजवीकडे सरकवा. प्रत्येक जागी पाचएक सेकंद थांबा, कारण पॅडची साद लगेच येत नाही. आकडा जिथे सर्वांत वर जातो, तिथे पॅडवर मार्करनं बारीक खूण करून ठेवा.

तळाच्या खाचा बघा. पावसाळ्यात पर्वतीच्या पायऱ्या, सिंहगडाची वाट, किंवा मेट्रो नाहीतर पुलाचं काम चालू असलेला कुठलाही रस्ता, एवढ्यावरच खाचांत चिखल आणि बारीक खडी घट्ट बसते. एक खडा दोन मिलिमीटर बाहेर आला की बूट तेवढा उचलला जातो. त्यातून खडीबरोबर एखादी स्टेपलरची पिन किंवा खिळ्याचं टोक असेल तर पॅड त्यालाच धातू समजून थांबेल. लाकडी टूथपिकनं खाचा कोरा, मऊ ओल्या ब्रशनं घासा, पूर्ण वाळू द्या. नळाखाली धरू नका. पॅडवर ‘ओरखडे नकोत’ म्हणून टाकलेलं रबर किंवा फेल्टचं आवरण काढा. पॅड लोखंडी शू-रॅकवर ठेवला असेल तर लाकडी टेबलावर घ्या.

चकतीवाल्या जोडाचं दुखणं वेगळं. चकतीतलं चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतं. पुण्याच्या रस्त्यावरच्या धुळीत तो भरपूर. काळी पावडर चकतीच्या तोंडाशी जमते आणि चकती टेकल्यासारखी वाटली तरी नीट बसत नाही. सेलोटेपचा किंवा पॅकिंग टेपचा तुकडा दाबून उचला, दोन-तीनदा. मग सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब घेऊन चकती आणि तळावरची तिची जागा पुसा. पेट्रोल, थिनर नको, तळाचा गोंद सुटतो.

आणि आता दुसरा बूट. डावा उजव्याच्या जागी ठेवा, उजवा डाव्याच्या. दोष जागेबरोबर राहिला, म्हणजे जो बूट त्या बाजूला ठेवू तो चार्ज होत नाही, तर पॅडची ती बाजू गेली आहे. बूट चांगला आहे, पेढे वाटा. दोष बुटाबरोबर गेला, तर पुढे वाचा. पॅडची आणखी खात्री हवी असेल तर क्यूआयवाला मोबाइल कव्हर काढून त्यावर ठेवा. मोबाइल चार्ज झाला तर पॅड ठीक. उलटा प्रयोगही करता येतो: मोबाइलच्या साध्या क्यूआय पॅडवर बुटाची कमान टेकवून बघायची. तळाला उंचवटे असल्यानं जुळवणं अवघड जातं आणि तो रोजचा मार्ग नव्हे, पण समोर बसून दहा मिनिटं निदानासाठी करायला हरकत नाही.

पायरी पाच: ऊन आणि पाऊस

लिथियम-आयन बॅटरी साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअसमध्येच चार्ज करायची असते, आणि चांगलं सर्किट त्याबाहेर चार्जिंग रोखून धरतं. पुण्यात खालच्या टोकाची चिंता नाही. वरच्या टोकाची आहे. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बूट पडले असतील तर आतलं तापमान ४५ च्या सहज वर जातं. घरी आणून लगेच पॅडवर ठेवले की दिवा लागणार नाही. पंख्याखाली तास-दीड तास ठेवा, मग लावा. फ्रिजमध्ये ठेवून घाई केली तर आत दव धरेल.

भिजलेल्या बुटाला अजून धीर लागतो. गादी काढायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, ओले झाले की बदलायचे, आणि पंख्याच्या वाऱ्यावर निदान दोन दिवस ठेवायचे. जुलै-ऑगस्टमध्ये तीन. हेअर ड्रायर, गिझरवरची जागा, गच्चीतलं ऊन, सगळं वर्ज्य, कारण उष्णता बॅटरीला आणि गोंदाला दोघांनाही मारते. तांदळाच्या डब्यात पुरण्याची पद्धत निव्वळ समाधानासाठी आहे, तांदूळ हवेपेक्षा फार वेगळं काही करत नाही आणि पिठूळ कण मात्र फटींत जातात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवणं त्याहून बरं. ओला बूट ‘चालतोय का बघू’ म्हणून पॅडवर ठेवणं हा सर्वांत महाग पडणारा उतावीळपणा आहे.

पायरी सहा: कपाटात महिनोन्महिने पडलेला जोड

हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. असा जोड माणूस रोज वापरत नाही. लग्न, वाढदिवस, फोटो, आणि परत खोक्यात. वर्षभरानं काढतो तेव्हा बटण दाबलं तर आवाज नाही, पॅडवर ठेवला तर दिवा नाही.

आत काय झालेलं असतं ते समजून घेतलं तर हातून चूक होत नाही. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना सुमारे ४.२ व्होल्ट असतो. वापर नसला तरी सर्किट अगदी थोडी वीज पीत राहतं आणि सेलही आपोआप उतरतो. साधारण २.५ ते ३ व्होल्टच्या आसपास संरक्षक सर्किट सेलला बाकी सगळ्यापासून तोडतं. आता बूट बाहेरून मेलेला दिसतो, पण सेल अजून जिवंत असू शकतो. अशा सेलला चार्जर एकदम पूर्ण करंट देत नाही. व्होल्टेज ३ च्या आसपास येईपर्यंत नेहमीच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट देऊन त्याला हळूहळू वर आणतो. या काळात दिवा लागेलच असं नाही.

म्हणून अशा जोडाला वेळ द्यायचा. सकाळी नाश्ता झाल्यावर, तुम्ही घरात असणार अशा दिवशी (गुरुवार सोडून), टेबलावर किंवा फरशीवर, पॅडच्या नेमक्या जागेवर ठेवा. पहिला तास दर दहा-पंधरा मिनिटांनी तळाला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नाही इतका गरम चालणार नाही. मीटरवर अगदी बारीक वाढ दिसली तरी आशा आहे. संध्याकाळपर्यंत राहू द्या. रात्री गादीशेजारी, पलंगाखाली लावून झोपू नका. जुन्या, खोल उतरलेल्या बॅटरीला नजरेआड चार्ज करायचं नसतं.

नेहमीच्या चार्जिंगला तीनएक तास लागतात. सात-आठ तासांत दिवा, आवाज, मीटरवरची हालचाल यांपैकी काहीच नाही, आणि दुसरा बूट त्याच जागेवर व्यवस्थित भरतोय, तर सेल गेला असं धरा.

कुणी म्हणेल, ‘सेलला बाहेरून झटका देऊ, उठेल.’ दुकानात ही करामत सर्रास चालते. सेल २ व्होल्टच्याही खाली बराच काळ पडून असेल तर आतल्या पत्र्याचं तांबं विरघळून भलतीकडे जमायला लागतं. झटक्यानं तो उठतोही, आणि मग चार्जिंगमध्ये आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. मोबाइल निदान टेबलावर असतो. हा सेल तुमच्या तळव्याखाली असणार.

पायरी सात: बटणं, रिसेट आणि अ‍ॅप

चार्जिंगला काही तास दिल्यावरच रिसेट करायचा, आधी नाही. रिकाम्या बॅटरीवर बटणं दाबून बोटं दुखण्यापलीकडे काही होत नाही. अडॅप्ट मालिकेत बाहेरच्या बाजूला आवळायचं आणि सैल करायचं अशी दोन बटणं असतात. बूट पॅडवर असतानाच रिसेट करा. बटणांची जोडी किती वेळ धरायची ते मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

अ‍ॅपबद्दल दोन गोष्टी. फेब्रुवारी २०१९ मध्ये अडॅप्ट बीबी नवा असताना अँड्रॉइड अ‍ॅपमधून फर्मवेअर, म्हणजे बुटाच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करताना काही ग्राहकांच्या जोडातला एक बूट चालेनासा झाला होता. म्हणजे बॅटरी ठणठणीत असतानाही बूट मेल्यासारखा वागू शकतो. दुसरी, नायकेनं ६ ऑगस्ट २०२४ ला अडॅप्टचं अ‍ॅप स्टोअरमधून काढून टाकलं. म्हणून तुमच्या जुन्या फोनवर ते अजून असेल तर ‘डिलीट करून परत टाकतो’ हा नेहमीचा उपाय चुकूनही करू नका. परत टाकायला ते मिळणार नाही. जोडणी तोडून नव्यानं जोडण्याचा प्रयोगही शेवटीच करा. अ‍ॅप नसलं तरी बटणांनी दोरी आवळता-सोडता येते आणि चार्जिंगला अ‍ॅपची गरज नाही. अ‍ॅपमध्ये दिसणारा बॅटरीचा आकडा जुना असू शकतो. बुटावरचा दिवा आणि मोटरचा आवाज जास्त विश्वासाचे.

आवाजावरून बरंच कळतं. सैल करायचं बटण दाबा. मोटर नेहमीसारखी फिरली तर बॅटरीत वीज आहे, तक्रार दिव्याची आहे. मोटर कण्हून थांबली आणि दिवे विझले तर सेल भार पेलत नाही. मोटर जोरात ओढतेय पण दोरी हलत नाही, तर दोरी किंवा मोटरच्या चक्रांचे दात अडकलेत. अशा बुटाची बॅटरी भराभर उतरते आणि मालकाला वाटतं चार्जच होत नाही. दोन्ही बूट पूर्ण भरून, शेजारी ठेवून, एकाच वेळी आवळ-सोड करत राहा. एक दुसऱ्याच्या निम्म्यातच थकला तर सेल म्हातारा झालाय.

पाय आत असताना बॅटरी संपली तर

घाबरू नका आणि कात्री घेऊ नका. ती दोरी कापली तर परत ओवणारा कुणी मिळणार नाही. खुर्चीवर बसा, पॅड कोरड्या फरशीवर ठेवा, बुटासकट पाय त्यावर अलगद टेकवा, अंगाचा भार देऊ नका. दहा-पंधरा मिनिटांनी सैल करायचं बटण दाबा. पॅड जवळ नसेल तर टाचेमागे शूहॉर्न किंवा स्टीलच्या चमच्याची पाठ सरकवून, मोज्यावर टाल्कम पावडर टाकून पाय हळूहळू काढा.

दुकानात न्यायची वेळ आली तर

वॉरंटी असेल आणि जोड भारतातल्या विक्रेत्याकडून घेतला असेल तर आधी विक्रेत्याला लेखी तक्रार, बिलाची प्रत आणि वर केलेल्या तपासणीचे फोटो-व्हिडिओ पाठवा. मीटरवर एक बूट आकडा दाखवतो आणि दुसरा नाही, हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ लांबलचक पत्रापेक्षा जास्त काम करतो. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

वॉरंटी संपली असेल आणि सेल बदलायचाच असेल, तर कारागिराला तीन प्रश्न विचारा. लिथियम पाउच सेल पूर्वी बदलले आहेत का? नवा सेल संरक्षक सर्किटसकट, त्याच मापाचा आणि त्याच व्होल्टेजचा मिळेल का? टोकं स्पॉट वेल्डिंगनं जोडणार की सेलच्या पत्तीवर थेट सोल्डरिंग गन टेकवणार? तिसऱ्या प्रश्नावर तो हसला तर बूट पिशवीत घालून घरी या. आणि एवढं सगळं नीट झालं तरी तळातला मोटर-बॅटरीचा डबा उघडल्यावर पूर्वीसारखा पाणी अडवणारा राहत नाही, तेव्हा पावसात तो जोड घालायचा नाही हे मनाशी ठरवूनच पैसे द्या.

एक इशारा मोचीदादांच्या बाबतीत. तळाचा गोंद सुटला म्हणून बूट त्यांच्याकडे टाकणार असाल तर समोर उभं राहून सांगा: आत बॅटरी आहे, गरम करायचं नाही, आणि मधल्या भागात शिलाई मारायची नाही. आपल्याकडे तळ पक्का करायची रीत म्हणजे आरीनं आरपार टाके. ती आरी सेलमध्ये घुसली तर टपरीतच आग लागेल. फक्त कडेला थंड गोंद आणि दाब, बस.

जोड वाचला असेल तर

खोक्यात ठेवताना बॅटरी पूर्ण भरून नको आणि रिकामीही नको, साधारण निम्मी. दर दोन महिन्यांनी काढून थोडी भरायची. दोन्ही बूट बरोबरीनं, म्हणजे पुढच्या वेळी तुलनेला कामी येतील. माळ्यावर, पत्र्याखाली ठेवू नका.

आणि नाही वाचला तर

मोटर बंद पडलेला जोड सैल अवस्थेत अडकला असेल तर त्याचा बूट म्हणून फारसा उपयोग नाही, पाय आत हलतो. शोभेला ठेवायचा असला तरी फुगलेला सेल आत असलेला जोड घरात ठेवू नका.

हा बूट कपड्यांच्या देणगीत देऊ नका आणि सुक्या कचऱ्याच्या बादलीतही टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबलं जातं, आणि दाबलेला लिथियम सेल पेटतो. तो ई-कचरा आहे. पुण्यात घरोघरी येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताईंना आधी तोंडी सांगा की बुटात बॅटरी आहे. ई-कचरा वेगळा कुठे आणि कधी द्यायचा ते त्या सांगतात. देताना चार्जिंगच्या जागेवर इन्सुलेशन टेप लावा, बूट वेगळ्या पिशवीत घाला आणि पिशवीवर मोठ्या मराठी अक्षरांत ‘बॅटरी आहे, दाबू नका’ असं लिहा. पॅड, अडॅप्टर आणि वायर मात्र त्यात टाकू नका. ते ठीक असतील तर तसाच जोड असलेल्या दुसऱ्या कुणाला हवे असतात, आणि पॅडवर मोबाइल चार्ज होत असेल तर तुमच्याच टेबलावर कामी येतात.